केरबाचा तित्तर

पाखरं माणसाशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. केरबा नावाचा शिकारी पिंजऱ्यात तित्तर पाळायचा. पिंजरा झुडपात ठेवला की आतला तित्तर साद घालायचा, आणि रानातले तित्तर भुलून येत नि भोवतीच्या फाशांत अडकत. केरबाचा नियम एकच. जो जवळ आणेल तो जगेल, बाकीचे चुलीवर. जगलेल्याच्या पिंजऱ्याला खेटून तो पिल्लांचा पिंजरा ठेवायचा. पिल्लं ऐकून ऐकून शिकायची. पिढीगणिक साद इतकी गोड झाली, की केरबाच्याच अंगावर काटा यायचा.

शेवटी रानातले तित्तर संपले. साद घालून घसा सुकला, तरी एक पीस हलेना.

“उद्या कुणी आलं नाही, तर तुझीच पाळी,” केरबा तित्तराला म्हणाला.

सकाळी धुकं होतं. केरबा दोन्ही पिंजरे ठेवून दबा धरून बसला. झुडपातून हाक आली, “बाबा, इकडे या ना!”

आवाज तुळसाचा होता, घरी निजलेल्या त्याच्या लेकीचा. केरबा धावला, आणि स्वतःच मांडलेल्या फाशांत पाय गुंतून तोंडावर आपटला. समोर फक्त तित्तर होता.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच की, धनी. जो जवळ आणेल तो जगेल, म्हणालात. कुणाला आणायचं, ते कधी बोलला नाहीत.”

शेजारच्या पिंजऱ्यात पिल्लं माना वळवून ऐकत होती. त्यातल्या सगळ्यात धाकट्यानं चोच उघडली आणि हुबेहूब केरबाच्या आवाजात म्हणून पाहिलं, “तुळसा, बाहेर ये गं.”