नदीतला सालगडी

वाचणाऱ्यांनी आधी माफ करावं. माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, मला दुसरे येत नाहीत. ही गोष्ट माझ्या आईच्या आत्याची. तिला आम्ही जिजी म्हणायचो. जिजी आता नाही, म्हणून भावाच्या दोन पोरींना, तनूला आणि बेबीला, मीच ती सांगतो. सांगतो तशीच इथे लिहिली आहे.

एकदा काय झालं, एका नदीत एक राक्षस नोकरीला होता.

हसू नका. खरंच होता. नदीचं नाव येळवी. एका राजाचं छोटंसं राज्य तिच्या दोन्ही काठांवर होतं. अलीकडे घरं, पलीकडे बाजार. मधे पाणी एवढं ओढीचं की नाव टिकत नसे आणि पूल उभा राहत नसे. म्हणून लोकांनी एक राक्षस सालाने ठेवला होता. त्याचं डोकं भोपळ्यासारखं गुळगुळीत, म्हणून सगळे त्याला भोपळ्या म्हणत. तो नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा. हात काठाला लावायचा. लोक तळव्यावर चढून बसायचे. मग तो दोन ढांगा टाकायचा आणि त्यांना पलीकडे उतरवायचा. पगार काय, तर दर घरामागे रोज एक भाकरी.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, बरं का. राक्षसाला स्वतःचं मन नसतं. धुऊन पालथ्या घातलेल्या मडक्यासारखा तो आतून रिकामा असतो. मग भोपळ्या इतका चांगला कसा? तर पाडव्यामुळे. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तसं त्याचंही ठरायचं. त्या दिवशी सगळं राज्य काठावर जमायचं. पळसाच्या एका मोठ्या पानावर कडुनिंब आणि गूळ ठेवायचे. घरटी एक माणूस त्यातलं खायचं, भोपळ्याही खायचा. आणि कामाचं बोलणं काढायच्या आधी सगळे मिळून, राक्षससुद्धा, तीन बोल म्हणायचे.

काठावर उभा तो आपला.

भ्यालेल्याला आधी हात.

कुणाला मागे टाकायचं नाही.

बस, एवढंच. पाडव्याला जे मिळून म्हटलं जायचं, तेच वर्षभर भोपळ्याचं मन व्हायचं. म्हाताऱ्यांना तो आडोसा धरायचा. कुणी धावत येताना दिसलं तर थांबायचा. पोरं त्याच्या बोटांवरून घसरगुंडी खेळायची.

मग काय झालं, काही लोक कुरकुरायला लागले. "हा उशिरा येणाऱ्यांसाठी थांबतो, आमचा बाजार बुडतो." "काल माझ्या आधी त्या शेळीला बसवलं!" तक्रारी राजाकडे गेल्या. राजा भला होता, पण त्याला कुणी नाराज झालेलं सोसत नसे. त्याने दिवाणाला विचारलं.

दिवाण वाईट नव्हता, बरं का. नीटनेटका माणूस होता. तो म्हणाला, "महाराज, आपण सगळं तोंडी ठेवलंय, म्हणून ही भांडणं. करार लिहून काढू. मी अटी घालतो."

"आणि ते तीन बोल?" राजाने विचारलं.

"ते मानणं-बिनणं ठीक आहे, महाराज. पण मोजायचं कशात? पायलीत की हातात? उद्या राक्षस म्हणाला, मी आपला मानतो, तर आपण तपासायचं कसं? जे तपासता येत नाही ते करारात नको."

राजाला ते पटलं. लोकांनाही पटलं. आणि त्या पाडव्याला कडुनिंब कुणी आणलाच नाही. दिवाणाने कागद वाचला. एका फेरीला दहा माणसं. चढलेल्याने मधे उतरू नये. काठावरच्या दगडाच्या खुणेला पाणी लागलं की फेरी बंद. अटी बदलायच्या तर साल पुरं झाल्यावरच. भोपळ्याने अंगठा दिला. ढोलाएवढा अंगठा! सगळे हसले आणि घरी गेले.

मग चैत्रात एक करडू पाण्यात पडलं. भोपळ्याच्या पायापाशीच पडलं. त्याने वाकून बघितलं आणि तो पुन्हा सरळ उभा राहिला. करडू वाहून गेलं. धनगर ओरडला, "अरे मेल्या, हात का नाही घातलास?" भोपळ्या म्हणाला, "करडू लिहिलेलं नाही." धनगर चिडला. बाकीचे म्हणाले, "जाऊ दे, फेरी तर वेळेवर सुटते ना?"

मग जेठात एक म्हातारबुवा लेकीकडे निघाले. तळव्यावर चढताना पाणी बघून त्यांचे पाय लटपटले. त्यांनी हात पुढे केला, कुणीतरी धरेल म्हणून. भोपळ्याने धरला नाही. पण ऐका हं, तळव्यावर बसलेल्या माणसांनीही धरला नाही. म्हातारबुवा मागे फिरले. लेक वाट बघत राहिली.

तनू म्हणाली, "माणसांना तर मन असतं ना, काका?"

असतं. पण पाडव्याला ते बोल माणसांच्याही तोंडून गेले नव्हते, बाळा. वर्षातून एकदा तरी म्हटलं नाही की माणूसही विसरतो.

मग श्रावण सरत आला. त्या राज्यात एक ठकूबाई कुंभारीण होती. नवरा गेलेला. घरात ती आणि तिची सहा वर्षांची मैनी, तिसरं कुणी नाही. पोळा तोंडावर आला होता. दोघी मातीचे बैल घेऊन पलीकडच्या बाजाराला गेल्या. बैल सगळे विकले गेले. मैनी रिकाम्या टोपलीत बसून म्हणाली, "आये, आता मला वीक." ठकूबाई म्हणाली, "तुला कोण घेतंय गं, नकटे!"

अशा हसत दोघी नदीच्या काठावर आल्या. तोवर वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. नदी गढूळ झाली होती आणि चढत होती. घाईघाईने माणसं तळव्यावर चढली. ठकूबाई चढली आणि तिने मैनीला वर ओढून घेतलं.

भोपळ्याने मोजलं. ठकूबाई दहावी. मैनी अकरावी.

त्याने दोन बोटांनी मैनीला उचललं, अगदी हलक्या हाताने, आणि काठावर ठेवलं. "अकरावं पुढच्या फेरीला."

"अरे, लेकरू आहे ते! मांडीवर घेते मी!"

"मांडी लिहिलेली नाही."

"मग मी उतरते!"

"चढलेल्याने मधे उतरू नये."

तळव्यावर आणखी नऊ माणसं होती. त्यांतलं कुणी म्हणालं नाही, की थांब, आम्हीही उतरतो, सगळे मिळून पोरीपाशी थांबू. कुणी पाण्याकडे बघितलं, कुणी आपल्या गाठोड्याकडे. एक बाई म्हणाली, "रडू नको गं, आत्ता आणेल तिला."

आणि तो आणणारही होता. राक्षस खोटं बोलत नाही. दोन ढांगा टाकून तो अलीकडे आला, त्याने दहा जणांना उतरवलं, तो परत वळला. पण तेवढ्यात काय झालं? दगडाच्या खुणेला पाणी लागलं.

भोपळ्या थांबला.

पलीकडे भोपळ्या जिथे हात लावायचा, तो एक उंचवटा होता. पूर आला की मागच्या ओढ्यात पाणी शिरायचं आणि त्याचं बेट व्हायचं. त्या बेटावर मैनी उभी. आईला दिसत होती ती. हात हलवत होती. तिला वाटत होतं, आता आपली पाळी.

दिवाणाला बोलावलं. तो धावत आला. "भोपळ्या, मी अट बदलतो. हा बघ, खोडली."

"साल पुरं झाल्यावर, दिवाणजी. तुम्हीच लिहिलंय."

मग राजा आला, अनवाणी पायांनी. "माझा हुकूम आहे, जा!"

"हुकूम करारात नाही, महाराज."

मग सगळ्यांना ते तीन बोल आठवले. सगळे एकदम ओरडायला लागले. काठावर उभा तो आपला! कुणाला मागे टाकायचं नाही! घसा फुटेस्तोवर ओरडले. भोपळ्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "हे पाडव्याला म्हणायचं असतं. आज पाडवा नाही."

शेवटी ठकूबाईने त्याच्या अंगठ्याला मिठी मारली. "माझं बाळ आहे रे ते. मला दुसरं कुणी नाही."

भोपळ्याने तिच्याकडे बघितलं. आत काही सापडतं का म्हणून बघितलं असेल. पण आत कुणी काही ठेवलंच नव्हतं. "बाई," तो म्हणाला, "ते यात नाही."

ठकूबाई पाण्यात शिरली. चौघांनी तिला धरून मागे ओढलं. पाणी ओसरल्यावर भोपळ्या अटीप्रमाणे फेरीला गेला. बेटावर कुणी नव्हतं.

बेबी उठून बसली. म्हणाली, "मैनीला माशाने वाचवलं ना? देवीने वाचवलं ना?"

मीही लहानपणी जिजीला हेच विचारलं होतं. जिजी म्हणाली होती, "नाही रे. खोटं कशाला सांगू?" म्हणून मीही नाही म्हणालो.

मग पुन्हा पाडवा आला. सगळं राज्य काठावर आलं. पळसाचं पान आणलं, कडुनिंब आणला, गूळ आणला. राजाने खाल्लं, दिवाणाने खाल्लं, भोपळ्याला दिलं. एकेक घर करत पान फिरलं. पण भोपळ्या तसाच उभा. कारण एक घर राहिलं होतं. एकही घर राहिलं तर मन येत नाही, असा नेम होता.

ठकूबाई लांब बसली होती. दिवाण पान घेऊन तिच्यापुढे गेला. त्याची मान वर होत नव्हती. म्हणाला, "बाई, तू खाल्लंस तर त्याला मन येईल."

"आणि मन आलं की त्याला कळेल?" ठकूबाईने विचारलं.

"काय?"

"त्याने काय केलं ते."

दिवाण म्हणाला, "कळेल."

मग ठकूबाईने कडुनिंब उचलला. गूळ नाही घेतला, नुसता कडुनिंब खाल्ला. सगळ्यांनी मिळून तीन बोल म्हटले. तीही म्हणाली. आणि भोपळ्याला मन आलं.

मन आलं आणि त्याला पहिल्यांदा मैनीच आठवली. तो मटकन पाण्यात बसला. एवढा मोठा राक्षस, पण ओंजळीत तोंड घालून रडला. म्हणाला, "आये, मला माफ कर."

ठकूबाई काठावर येऊन उभी राहिली. "तुला काय माफ करू? तुला आम्हीच रिकामा ठेवला. तुझ्या हातावर दहा जणं होतो आम्ही, मीही त्यातलीच. मी पोरीला आधी वर चढवायची, ते सोडून स्वतः चढले. माफी मागायची तर सगळ्यांनी मागायची. पण मागायची कुणाकडे? जिच्याकडे मागायची, ती तर नाही."



मग दिवाणाने करार नव्याने लिहिला. दहाची अट ठेवली, खुणेचीही ठेवली, कारण त्या अटी वाईट नव्हत्या. पण सगळ्यांच्या वर ते तीन बोल लिहिले. खाली लिहिलं, की अटी आणि बोल यांचं जमेनासं झालं तर बोल मोठे. तेव्हापासून त्या नदीवर कुणी मागे राहिलं नाही. लोकांचे संसार झाले, पोरंबाळं झाली, भाकरी मिळत राहिली. सुखात राहिले म्हणायचं तर म्हणा. ठकूबाईने मात्र पुन्हा कधी नदी ओलांडली नाही.

झाली गोष्ट. डोळे मिटा आता. तनू, पांघरूण बेबीलाही दे. झोपा, मी इथेच आहे.

त्या झोपल्या. मला काही झोप लागली नाही. मी वाड्यांवरच्या पोरांना जीपमधून शाळेत नेतो-आणतो. शाळेच्या समितीने या वर्षी त्याचा करार छापून दिला होता. बारा अटी आहेत. सगळ्या बरोबर आहेत, मी दोनदा वाचल्या.

सकाळी मी शाळेत गेलो. मोठ्या सरांच्या टेबलावर तो कराराचा कागद ठेवला आणि वरच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं, "ही पोरं आपल्या दोघांची आहेत असं आपण मानतो."

सरांनी चष्मा लावून वाचलं. "अरे, याला कायद्यात काही अर्थ नाही."

"माहीत आहे, सर. पण आधी मिळून म्हणू या का? एकदाच. मग सही करतो."

सर हसले. वाईट नाही हसले. म्हणाले, "प्रार्थनेची वेळ झाली रे, तू कर सही." आणि ते बाहेर गेले.

मला आणखी बोलायचं होतं, पण शिकलेल्या माणसांपुढे मला जास्त बोलता येत नाही. खोलीत कुणी नव्हतं. मी ती ओळ मोठ्याने वाचली, एकट्यानेच. मग सही केली आणि दुसऱ्या फेरीला गाडी काढली.