दुखणं मोजणारं निरांजन

फार जुन्या काळी, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात एक वैद्य राहत होता. माणसाला दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, याचा शोध घेण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अखेर एका दूरच्या कड्यावर त्याला एक मुळी सापडली. तिच्या काढ्याने आजार बरा होवो न होवो, वेदना मात्र थांबे.

मुळी होती थोडी आणि दुखणाइत होते पुष्कळ. राजा म्हणाला, "ज्याला जास्त दुखतं त्याला आधी द्या."

पण जास्त कोणाला दुखतं, हे ठरवायचं कसं? जो तो आपलंच दुखणं मोठं सांगणार, असं वैद्याला वाटे. म्हणून त्याने एक युक्ती काढली. रोग्याच्या तोंडापुढे निरांजन धरायचं आणि दुखऱ्या जागी बोट दाबायचं. कण्हण्याने ज्योत जितकी फडफडेल, तितकं दुखणं मोठं. विझली तर काढा लगेच. राजाला हे फार पटलं, कारण ज्योत कोणाची भीड धरत नाही. वैद्याचं सगळीकडे नाव झालं आणि तोही जरा फुगलाच.

त्याची बायको मध काढणाऱ्यांच्या वस्तीतली होती. ती माणसं कड्यावरून दोराला लटकून पोळी काढतात. माशी डसली तरी हूं की चूं करायचं नाही, श्वाससुद्धा दाबून धरायचा, नाहीतर सगळं मोहोळ अंगावर येतं. तिथल्या पोरींनाही चालायला लागल्यापासून हेच शिकवतात. वैद्याला हे चांगलं माहीत होतं. बाळंतपणात बायको कण्हली नाही, याचं तो चारचौघांत कौतुक करायचा.

एके वर्षी तिच्या पोटात गाठ झाली. बरेच दिवस तिने अंगावर काढलं. मग ती म्हणाली, "अहो, फार दुखतंय. आता सोसवत नाही."

वैद्याने निरांजन आणलं आणि गाठीवर बोट दाबलं. तिने चटईची कड मुठीत आवळली. ज्योत जागची हलली नाही.

"अगं, एवढं काही नाही," तो म्हणाला. "ओव्याने शेकून बघ."

"मी सांगतेय ना तुम्हाला."

"तू माझी बायको, म्हणून नियम मोडू? लोक काय म्हणतील?"

ती ओवा आणायला उठली. त्याच दिवशी बोटाला नखुरडं झालेला एक व्यापारी आला. त्याच्या पहिल्याच बोंबेने निरांजन विझलं आणि उरलेला काढा त्याला मिळाला. नखुरडं ठणकतं हे खरंच, त्या बिचाऱ्याला कशाला नावं ठेवायची?

पुढे काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. एका सकाळी वैद्य उठवायला गेला, तर ती गेलेली होती. खालचा ओठ तिच्याच दातांनी फाटला होता.

तिचा म्हातारा बाप वस्तीवरून आला. लेकीजवळ बसला. मग त्याने विचारलं, "जावईबापू, पोर तुमास्नी काय बोलली न्हाई का?"

"बोलली होती."

"काय म्हनली?"

"फार दुखतंय म्हणाली."

"मग?"

वैद्याने मान खाली घातली. "मामा, तिचा आजार बरा करणं माझ्या हातात नव्हतं."

"आजाराचं ऱ्हाऊ द्या. दुखायचं थांबवनं हुतं न्हवं हातात?"

वैद्याने निरांजन उचलून माळ्यावर टाकलं.

त्यानंतर त्याने कोणाच्याही तोंडापुढे ज्योत धरली नाही. तो रोग्याजवळ बसायचा, विचारायचा आणि काढा द्यायचा. पुरेना, तेव्हा स्वतः कड्यावर जाऊन मुळ्या खणायचा. कितीतरी लोक सुखाने झोपू लागले आणि त्याच्या पाया पडू लागले. त्याला ते नकोसं व्हायचं. कारण कोणीही "फार दुखतंय" म्हटलं, की ते शब्द त्याला बायकोच्या आवाजात ऐकू यायचे, आणि तिला द्यायचा काढा आता कोणत्याच कड्यावर नव्हता.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं दुखणं मोजत बसू नये, तो दुखतंय म्हणाला की खरं मानावं.