टिकलीची पुरचुंडी आणि फेसाळलेला ट्रक

एक होती कोळीण. मासे विकणारी नव्हे हं, जाळं विणणारी! केवढी? कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नावच टिकली.

टिकली राहायची ट्रकवर. ट्रक होता रंगरावमामांचा. त्याला नवाकोरा रंग दिलेला, जांभळा जांभळा. दारावर पिवळा पोपट. दाराजवळ आरसा. आरशामागे टिकलीचं घर. घरात एक पांढरी पुरचुंडी. आणि पुरचुंडीत काय? टिकलीची अंडी!

टिकली पुरचुंडीला फार जपायची. कुणी आलं की आठही डोळे वटारायची. माशी आली तरी संशय. वारा आला तरी संशय.

एकदा सकाळी टिकली जरा पाय मोकळे करायला गेली. परत येते तो काय! ट्रकच दिसेना. टपावर फेस. दारावर फेस. आरशावर फेस. फस फस फुस्स! पोपट गायब. पुरचुंडीही गायब.

मामा अंगणात ट्रक धूत होते ना!

टिकलीनं फेसात एक पाय घातला. पाय पांढरा झाला. पुरचुंडी पांढरी, फेसही पांढरा. आता ओळखायचं कसं? टिकलीला रडूच आलं.

मग तिनं फेसाकडे नीट पाहिलं. केवढं पोट फुगलंय याचं! टिकलीला आला संशय. यानंच खाल्ली असणार!

"फेसा फेसा, माझी पुरचुंडी दे!"

"फुस्स! मी नाही घेतली."

"मग बाजूला हो. मला बघू दे."

"पाणी आल्याशिवाय मी हलायचा नाही. फुस्स!"

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. अंगणात पडला होता पाईप. लांबच लांब, हिरवा हिरवा.

पाईप म्हणाला, "कोण तू? कशाला आलीस? मला जाळ्यात अडकवायला ना?"

"नाही रे बाबा, नाही! पाईपदादा, पाणी दे. पाणी येईना, फेस जाईना, माझी पुरचुंडी मिळेना!"

"उं उं उं! कसं देऊ? माझ्या मानेवर वाघ्या बसलाय. वाघ्या उठल्याशिवाय मी पाणी द्यायचा नाही."

खरंच की! मामांचा नळ होता बिघडलेला. तो बंदच व्हायचा नाही. म्हणून मामा काय करायचे? पाईप दुमडायचे आणि वर कुत्र्याला बसवायचे. वाघ्या बसला, पाणी बंद. वाघ्या उठला, पाणी सुरू.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाघ्यानं कान टवकारले.

वाघ्या म्हणाला, "कोण तू? कशाला आलीस? मला जाळ्यात अडकवायला ना?"

"नाही रे बाबा, नाही! वाघ्या वाघ्या, ऊठ. वाघ्या उठेना, पाणी येईना, फेस जाईना, माझी पुरचुंडी मिळेना!"

"भू भू! मामा म्हणाले, बस. मी बसलो. मामांनी बोलावल्याशिवाय मी उठायचा नाही."

टिकलीनं वाघ्याला खालून वर पाहिलं. एवढा मोठा कुत्रा, आणि नुसता बसलाय? टिकलीला आला संशय. पण वाघ्याचे दात पाहिले आणि ती गुपचूप पुढे गेली.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. रंगरावमामा ट्रकभोवती फिरत होते. इकडे शोध, तिकडे शोध.

मामा म्हणाले, "कोण तू? कशाला आलीस? माझ्या ट्रकवर जळमटं करायला ना?"

"नाही हो मामा, नाही! मामा मामा, वाघ्याला बोलवा. मामा बोलावीनात, वाघ्या उठेना, पाणी येईना, फेस जाईना, माझी पुरचुंडी मिळेना!"

"कसं बोलावू? फेस धुतला की लगेच पुसायला हवं. नाहीतर नव्या रंगावर पाण्याचे डाग पडतील. जाडाभरडा फडका नको, त्यानं ओरखडे उठतात. मऊ फडका हवा. मऊ फडका मिळाल्याशिवाय मी वाघ्याला बोलवायचा नाही."

"मग आणा की फडका!"

"फडका मामींकडे आहे."

"मग मागा की मामींकडे!"

मामांनी वर पाहिलं. मामांनी खाली पाहिलं. मामांनी डोकं खाजवलं. "तूच जा," ते हळूच म्हणाले. "मी नाही जायचा."

टिकलीला आला संशय. मामींना मामा का बरं घाबरतात?

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मामी मोरीपाशी उभ्या होत्या. कमरेवर हात. पुढ्यात मोठा डबा.

मामी म्हणाल्या, "कोण तू? कशाला आलीस? माझ्या घरात जळमटं करायला ना?"

"नाही हो मामी, नाही! मामी मामी, फडका द्या. फडका मिळेना, मामा बोलावीनात, वाघ्या उठेना, पाणी येईना, फेस जाईना, माझी पुरचुंडी मिळेना!"

"फडका राहू दे! आधी हे सांग, माझी कपडे धुवायची पावडर कुणी नेली? काल डबा भरलेला होता. आज रिकामा! तूच नेलीस ना?"

"मी? अहो, मी टिकलीएवढी! डबा केवढा!"

मामींनी टिकलीला नीट पाहिलं. डब्याला नीट पाहिलं. "हं. तू नसशील. मग मांजरानं नेली? की कावळ्यानं? चोर सापडल्याशिवाय मी फडका द्यायची नाही!"

आता कुणाला विचारायचं? टिकलीनं डब्यालाच विचारलं.

डबा म्हणाला, "कोण तू? कशाला आलीस? माझ्यात जळमटं करायला ना?"

"नाही रे बाबा, नाही! डब्या डब्या, चोर सांग. चोर सापडेना, फडका मिळेना, मामा बोलावीनात, वाघ्या उठेना, पाणी येईना, फेस जाईना, माझी पुरचुंडी मिळेना!"

"ढण ढण! मी चहाड्या करत नाही. तूच आत ये आणि वास घे. ये ये!"

टिकलीला आला संशय. मोठ्ठा संशय! ये ये काय म्हणतो? जाळ्यात माशीला कसं बोलावतात, ते टिकलीला चांगलं ठाऊक होतं. ये ये, असंच बोलावतात! आत गेलं आणि झाकण पडलं तर?

टिकली मागे सरकली. पण मग तिला पुरचुंडी आठवली. ऊन तर चढत होतं. टिकलीनं मन घट्ट केलं.

दोन पाय आत. चार पाय आत. सहा पाय आत. आठही पाय आत! आत काळोख. टिकलीनं वास घेतला. हुं हुं! लिंबाचा वास! "आक्छी!" टिकली शिंकली आणि टुणकन बाहेर आली.

हा वास कुठे बरं आला होता? टिकलीनं एक पाय हुंगला. नाही. दुसरा हुंगला. नाही. मग तिनं पांढरा पाय हुंगला. फेसात घातलेला. हुं हुं! लिंबाचा वास!

"मामी!" टिकली ओरडली. "तुमची पावडर ट्रकवर आहे!"

"काय?" फडका उचलून मामी धावल्या. दण दण दण दण! मामा चाकामागे लपले. पण मामांचं पोट बाहेरच राहिलं.

"अहो, बाहेर या! माझी पावडर तुम्ही घेतलीत ना?"

मामा बाहेर आले. मान खाली. "गाडीचा साबण संपला होता गं. म्हटलं, फेस तर फेस. तुला कळायचं नाही."

"अहो, फेस तर फेस काय? ही कपड्यांची पावडर! मळ काढते आणि रंगही काढते. हा फडका बघा, माझं जुनं लुगडं. ट्रकसारखंच जांभळं होतं. आता कसं झालंय?"

मामांनी लुगडं पाहिलं. पांढरंफटक! मामांनी ट्रक पाहिला. "माझा नवा रंग! माझा पोपट! आता काय करू?"

"रडताय काय? फेस वाळायच्या आत धुवा! हे घ्या लुगडं, पुसायला. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालंय."

मग काय!

चोर सापडला, मामींनी फडका दिला.
फडका मिळाला, मामांनी वाघ्याला बोलावलं. "वाघ्या, यू यू यू!"
मामांनी बोलावलं, वाघ्या उठला. भू भू!
वाघ्या उठला, पाणी आलं. फुर्रर्रर्र!
पाणी आलं, फेस निघाला. सुळ्ळकन!

टपावरून सुळ्ळकन. काचेवरून सुळ्ळकन. दारावरून सुळ्ळकन. पिवळा पोपट दिसला! जांभळा रंग दिसला, जसाच्या तसा! शेवटी आरशावरून सुळ्ळकन.

आणि पुरचुंडी?

आरशामागे होती! जिथल्या तिथे. पक्की चिकटलेली. जरासुद्धा हललेली नाही. टिकलीच्या धाग्यानं बांधलेली ना ती! तो धागा का फेसानं सुटतोय?

"बघितलंस?" वाहता वाहता फेस म्हणाला. "उगाच माझ्यावर आळ घेतलास. फुस्स!"

टिकलीला कसंतरीच झालं. "चुकलं रे माझं," ती म्हणाली. पण फेस गेला होता वाहून.

टिकली तुरुतुरु आरशाकडे धावली. इकडे मामांनी पुसायला घेतलं. आधी टप. मग काच. मग दार. वरून खाली, हळूहळू. एक थेंब राहिला नाही, एक ओरखडा उठला नाही.

मग मामा आरशापाशी आले. फडका वर उचलला. "अरेच्चा! हे काय पांढरं चिकटलंय?"

टिकली आडवी आली. आठही पाय पसरून. एवढ्याशा टिकलीपुढे केवढा मोठा फडका! पण ती हलली नाही.

"मामा, ही माझी पुरचुंडी आहे. तुम्ही पुसणार ना? पुसणार ना?"

मामांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं. पोपट झळझळत होता.

"कारभारीण," मामा म्हणाले, "आपला रंग कुणी वाचवला गं?"

"हिनं," मामी म्हणाल्या. "एवढुशा हिनं."

"मग हा कोपरा हिचा," मामा म्हणाले. "मी हात लावायचा नाही."

टिकलीनं आठही डोळ्यांनी मामांना पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. संशय काही आला नाही.

मग मामांनी ट्रकला मेण चोळलं. ऊन लागू नये म्हणून, धूळ चिकटू नये म्हणून. सगळा ट्रक चकचक चकचक. नुसता तो एक कोपरा सोडून.

तीन दिवसांनी पुरचुंडी फुटली. टच्च! आतून आली पिल्लं. मोहरीएवढी, मोहरीहून बारीक. एक, दोन, दहा, वीस! टिकलीला कुणाला घेऊ आणि कुणाला नको असं झालं.

आता ट्रक कुठेही थांबला की लोक जमतात. "वा रंगराव, काय रंग राखलाय!" म्हणतात. मग कुणीतरी आरशाकडे बोट दाखवतं. "पण एवढा कोपरा पुसायचा राहिला की हो!"

मामा हसतात. "राहिला नाही," ते म्हणतात. "ठेवलाय."

भर्र भर्र ट्रक गेला, गोष्टीचाही फेस विरला.