दुखणाईत कोंबड्या आणि कनकध्वज राजा

एका राज्यात कनकध्वज नावाचा राजा राज्य करीत असे. त्याच्या महालाला सोन्याचे कळस होते, तळ्यात गाणारे मासे होते, ते सगळं असो. आपल्याला जायचंय महालामागच्या परसात. तिथे राजाच्या कोंबड्या होत्या, काळ्या, पांढऱ्या, कबऱ्या. आणि त्या राज्याची एक रीत होती. कोंबडी दुखणाईत झाली, की मरायच्या आत तिला कापायची आणि संध्याकाळच्या रश्श्यात घालायची. कोंबडीला कसलं आलंय औषधपाणी!

एके दिवशी कुणाचीशी लंगडी कोंबडी कुंपणातून आत आली. आचाऱ्यानं रीतीप्रमाणे तिची वासलात लावली. राजानं मिटक्या मारीत भोजन केलं. हात धुवून वळतो तोच दारात कुरंगी नावाची जादूगारीण उभी!

"राजा, माझी कोंबडी कुठे आहे?"

"बाई, ती आजारी होती. तशीही मेलीच असती."

"मेली नसती! तिचा पाय मी बरा करीत आणला होता. मांडीवर घेऊन दाणे भरवीत होते रे तिला!" असं म्हणून ती ढसाढसा रडू लागली. मग तिनं डोळे पुसले आणि चिमूटभर राख फुंकली. झोपाळ्यावर बसलेली राजकन्या पद्मरेखा दिसेनाशी झाली. झोपाळा तेवढा हलत राहिला.

"तुझी लेक आता तुझ्या कोंबड्यांत आहे," कुरंगी म्हणाली. "कुठल्या कोंबडीत, ते सांगणार नाही. तीन दुखणी येतील. तिन्ही स्वतःच्या हातानं बरी कर. एक जरी कोंबडी दगावली तर लेक विसर."

राजा अनवाणी परसात धावला. "पद्मरेखे! बाळ!" अशी हाक त्यानं मारली. सगळ्याच कोंबड्या धावत आल्या. त्यांना वाटलं, दाणे टाकतोय. राजा मटकन खाली बसला आणि एवढा मोठा राजा, पण लहान पोरासारखा रडला.

"रडून काय होणार?" पेरूच्या झाडावरून भारद्वाज पक्षी बोलला. "ती काळी बघ. एक पाय उचलून उभी आहे."

राजानं काळीला उचललं. तळवा सुजून टणक झाला होता, मधोमध काळी खपली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या ओंजळीत कोंबडीचं काळीज धडधडलं. हा एवढासा जीव इतका घाबरतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. भारद्वाज सांगत गेला, राजा करीत गेला. कोमट पाण्यात मीठ घालून पाय भिजवला. खपली मऊ झाली तेव्हा आतला बाभळीचा काटा हळूच काढला, तेलात कालवलेली हळद लावली, मऊ फडक्यानं पाय बांधला आणि कोरड्या पेंढ्यावर काळीला ठेवलं. रोज पाय भिजवायचा, रोज पट्टी बदलायची. सूज उतरली. काळीनं पाय टेकला, त्या क्षणी महालात पद्मरेखेचे पैंजण वाजले.

राजा धावत गेला. लेक कुठेच नव्हती. पैंजण मात्र या दालनातून त्या दालनात वाजत गेले आणि थांबले. दासींनी हात जोडले.

मग मुंगसानं डाव साधला. पांढऱ्या कोंबडीची पाठ फाडली. पांढरी म्हणजे राजकन्येची लाडकी! राजाची खात्रीच पटली. हीच माझी लेक! त्यानं उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुतली, हळद भरली, इथवर ठीक. पण लेकीला साधं फडकं कसं गुंडाळायचं? त्या राज्यात लाल शेला राजघराण्याखेरीज कुणी पांघरीत नसे. राजानं आपल्या खांद्यावरचा लाल शेला काढला, पांढरीला मानानं गुंडाळला आणि एकटं वाटू नये म्हणून तिला बाकीच्यांत सोडलं.

झालं! लाल रंग दिसताच सगळ्या कोंबड्या तिच्यावर तुटून पडल्या. टोचून टोचून शेल्याच्या चिंध्या केल्या, खालची जखमही उघडी केली.

"अरे, अक्कल गहाण टाकलीस का?" भारद्वाज ओरडला. "लाल दिसलं की कोंबडी टोचणारच! तिला तुझ्या घराण्याचं काय कौतुक?"

राजा शरमला. मला नाही कळत रे, माझ्याच हातानं मारली असती, असं म्हणून त्यानं कपाळावर हात मारला. पांढरीला त्यानं छातीशी धरलं, जखम पुन्हा धुतली आणि तिच्यावर बांबूचं डालगं पालथं घातलं. डालगं ठेवलं मात्र परसातच, म्हणजे बाकीच्यांना ती दिसेल, ओळखीची राहील, पण चोच पोचणार नाही. पाठीवर नवी पिसं फुटली, पांढरी बाहेर आली, कुणी तिला टोचलं नाही. त्याच वेळी झोपाळ्यावरून पद्मरेखेचं हसू ऐकू आलं. पांढरी मात्र किडे शोधत निघून गेली. ती कोंबडीच होती.

तिसरी पडली कबरी. म्हातारी, अर्धी पिसं गेलेली, सगळ्यांत भांडकुदळ. शेपूट खाली, अंग फुगवलेलं, डोळे मिटलेले. कुंथत होती आणि काही होत नव्हतं.

"अंडं अडकलंय," भारद्वाज म्हणाला.

"दाबून काढू?"

"खबरदार! आत फुटलं तर कबरी गेली आणि लेकही गेली."

राजानं कढत नव्हे, कोमट पाणी घंगाळात घेतलं, कबरीला पोटापर्यंत त्यात बसवलं. मागे बोटानं तेल लावलं. मग टिपून कोरडी केली आणि अंधाऱ्या उबदार कोपऱ्यात तिला घेऊन बसला. दरबार खोळंबला, प्रधान दोनदा येऊन परत गेला. राजा हलेना. "होईल गं, होईल. घाई नाही," एवढंच म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिला. पाणी निवलं की पुन्हा कोमट पाणी, पुन्हा तेल, पुन्हा कोपरा.

आणि अंडं आलं! राजाला हर्ष आवरेना. "सुटलीस गं म्हातारे! सुटलीस!" तो कबरीलाच सांगत राहिला. इकडेतिकडे बघायचंही त्याला सुचलं नाही.

"बाबा."

मागे पद्मरेखा उभी होती. राजानं तिला मिठीत घेतलं. परसातल्या कोंबड्या स्तब्ध उभ्या राहिल्या, तळ्यातले मासे गाता गाता गप्प झाले. राजानं पाहिलं तर काळी, पांढरी, कबरी, सगळ्या जागच्या जागी. एकही कमी नव्हती.

"मग तू कुठल्या कोंबडीत होतीस, बाळ?"

"एकीत नव्हते, बाबा. जिला दुखायचं, तिच्यात असायचे. तुमचा हात मला तिन्ही वेळा लागला."

राजानं तिचे हात हातात घेतले. तेवढ्यात कुंपणाजवळचं एक तांबडं पिल्लू शिंकलं. पुन्हा शिंकलं.

लेक समोर उभी होती, शाप सुटला होता. आता ते पिल्लू म्हणजे नुसतं पिल्लू. तरी राजानं पद्मरेखेचे हात सोडले आणि तो उठला.

"जरा थांब हं," तो म्हणाला, "त्याला आधी उबेला घेतो."