मुंगीचा दाणा आणि अप्पांचा अंगठा

मुंगी होती. एवढीशी. नखावर मावेल एवढी.

तिला सापडला मक्याचा दाणा. मुंगी निघाली पिल्लांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत गेनूअप्पांचं शेत. अप्पा फार हुशार! लाईट आली की गुडघाभर पाणी सोडायचे. मग आठवडाभर फिरकायचेच नाहीत. मका आधी बुडायचा, मग वाळायचा. मातीला ही मोठी भेग!

दाणा घरंगळला. टुणुक टुणुक... गडप! गेला भेगेत.

मुंगी रडली. मग म्हणाली,
"माती माती, दाणा दे!"

माती म्हणाली, "देईन की! पण ऊन किती! मी कडक झालेय. लाईट आली की येईल पूर. तुझा दाणा कुजलाच समज! पाचटाचं पांघरूण मिळालं, तर देईन."

उसाची वाळकी पानं, तेच पाचट. बांधावर ढीग होता. मुंगी गेली तुरुतुरु.

"पाचटा पाचटा, पसर ना!
माती दाणा देईना.
माझी पिल्लं उपाशी!"

पाचट म्हणालं, "मी? मी तर कचरा! उद्या अप्पा मला पेटवणार. वा रे वा! बैलानं ओढलं, तर पसरेन."

मुंगी गेली तुरुतुरु.

"बैला बैला, ओढ ना!
पाचट काही पसरेना.
माती दाणा देईना.
माझी पिल्लं उपाशी!"

बैल म्हणाला, "हंबाऽऽ! मक्याला गुडघाभर पाणी, मला घोटभर नाही. छान न्याय! पाण्याच्या मोटारीनं हौद भरला, तर ओढेन."

मुंगी गेली तुरुतुरु.

"मोटारी मोटारी, भर ना!
बैल पाचट ओढेना.
पाचट काही पसरेना.
माती दाणा देईना.
माझी पिल्लं उपाशी!"

मोटार म्हणाली, "लाईट आली की भरेन! पण पाइप पडलाय हौदाजवळच्या मक्यात. अप्पांनी तो हौदात टाकला, तर भरेन."

मुंगी गेली तुरुतुरु. अप्पा हौदाला टेकून बसले होते. मिशीला पीळ देत होते.

"अप्पा अप्पा, उठा ना!
मोटार हौद भरेना.
बैल पाचट ओढेना.
पाचट काही पसरेना.
माती दाणा देईना.
माझी पिल्लं उपाशी!"

अप्पा म्हणाले, "सरक गं! पानी सोडलं की शेजारच्या यमाक्काच्या रानात चिखल घोट्याएवढा. माझ्या रानात गुडघ्याएवढा! हाय का कुनाची टाप?"

"मका पिवळा पडलाय, अप्पा!"

"पिवळा? मग अजून पानी सोडतो!"

वा! काय ती अक्कल!

मुंगीला आला राग. लालभडक राग. चढली अप्पांच्या पायाच्या अंगठ्यावर आणि... कडाऽऽक!

"आई गंऽऽ!" अप्पा उडाले थुई! पाय लागला पाइपाला. पाइप उडून पडला हौदात. धप्प!

तेवढ्यात आली लाईट.

मोटार फिरली, घर्रर्र!
हौद भरला, गळगळ!
बैल प्याला, घटाघट!
पाचट ओढलं, खरखर!
मातीवर पसरलं, सळसळ!

हौद भरून सांडला. पाणी निघालं हळूहळू. पाचटाखाली शिरलं, झुळझुळ. पूर नाही, चिखल नाही. ऊनही आत येईना. माती झाली मऊ मऊ. फुगली, भेग मिटली. दाणा आला वर. टुणुक!

मुंगीने दाणा उचलला. तुरुतुरु घरी नेला. पिल्लांनी खाल्ला, कुडुम कुडुम!

माती ओलसरच राहिली. आजही, उद्याही. मका झाला हिरवागार. कणसं भरली टपोरी. पाणी लागलं थोडंच. मोटार दुपारभर झोपू लागली.

यमाक्का बघायला आल्या. "अप्पा, हे कसं केलंत?"

अप्पांनी मिशीला पीळ दिला. "माझंच डोकं! दुसरं कुनाचं?"

"हो हो, अप्पा, तुमचंच!" मुंगी म्हणाली. एक टपोरा दाणा उचलून ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अप्पांचा अंगठा मात्र अजून लालच आहे.