कोंबडीने सांगितलेली खूण

मैथिलीला इंग्रजीत 'गुड'शिवाय विशेषणच सुचत नाही, या काळजीने मला झोप येईना. शिकवणार तरी काय? मीही सगळ्याला 'नाइस'च म्हणते. शेवटी गोष्ट सांगितली.

फार पूर्वी, प्राणी इंग्रजी बोलायचे तेव्हा, जत्रेत कोंबडीचं पिल्लू हरवलं. भोंग्यापाशी बसलेल्या पोपटाने विचारलं, "दिसतं कसं, ताई?"

"गुड! ब्यूटिफुल!"

पोपटाने तसंच पुकारलं. जत्रेतल्या सगळ्या आया आपापल्या पिल्लांकडे बघून म्हणाल्या, "हे तर आमचंच!"

कोंबडी रडकुंडीला आली. मग आठवून आठवून म्हणाली, "स्मॉल. ब्राउन. स्लीपी."

"अगंबाई!" बदकीण ओरडली. "माझ्या पंखाखाली झोपलंय की ते!"

मैथिली म्हणाली, "आई, तू हरवलीस ना, तर मी 'गुड' नाही सांगणार. 'शॉर्ट, वरीड' सांगेन. लगेच सापडशील."