फिनलंडची सवय

एका गावात एक भोळा संचालक होता. दूध सोसायटीचा संचालक. नाव गेनबा.

तो संचालक कसा झाला, हे सोपं आहे. चेअरमन जयसिंगआबांना हात वर करणारा माणूस हवा होता. गेनबाला हात वर कर म्हटलं की तो करायचा. का म्हणून विचारायचा नाही. पहिल्याच मीटिंगला त्यानं हात वर केला आणि लगेच खाली घेतला. मोजणाऱ्याचा घोळ झाला. आबा चिडले.

"गेनबा, मी खाली म्हणेपर्यंत हात खाली आणायचा नाही."

"चुकलं आबा. ध्यानात ठेवतो."

गेनबानं उपरण्याच्या टोकाला गाठ मारली. कुणी काही शिकवलं की तो गाठ मारायचा. मग हात वर करून बसला. चहा झाला, मीटिंग संपली, आबा घरी गेले. गेनबाही गेला, हात वर ठेवून. संध्याकाळी त्याची बायको हौसा आबांच्या दारात जाऊन भांडली, तेव्हा तो हात खाली आला.

त्या गावात उन्हाळ्यात दूध नासायचं. तालुक्याची गाडी उशिरा यायची. तोवर कॅनमधलं दूध फाटायचं. बायका पहाटे उठून म्हशी पिळायच्या आणि दुपारी तेच दूध गटारात ओतायच्या. हौसाही ओतायची. ओतताना ती बोलायची, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायका दूध थंड ठेवायचं मशीन मागत होत्या. सोसायटीकडं एका मशीनपुरते पैसे साठले होते.

आबांनी मीटिंग घेतली.

"मशीन घ्यायचंच आहे. पण आधी अभ्यास नको का? जिथं सगळ्यात जास्त थंडी, तिथं जाऊन बघू, दूध थंड कसं ठेवतात. फिनलंड म्हणून देश आहे. जानेवारीत अभ्यास दौरा काढू."

गेनबा म्हणाला, "तिकडं जानेवारीत दूध नासतं का आबा?"

"नासतंय कशाला? दारात ठेवलं तर दगड होतोय त्याचा."

"मग ती लोकं मशीन कशाला ठेवतील?"

"हात वर कर."

गेनबानं केला. सगळ्यांनी केला. दौरा मंजूर झाला. सगळे संचालक जाणार होते. तज्ज्ञ म्हणून आबांचा जावई जाणार होता. तो लग्नाचे फोटो काढायचा.

घरी हौसानं विचारलं, "मशीनचं काय झालं?"

"आधी अभ्यास. मग मशीन."

"अभ्यास करायला तुम्ही शाळेत होता तेव्हा वेळ होता की," हौसा म्हणाली. "माझं आबांकडं एकच काम आहे. मशीन. ते झालं पाहिजे. उन्हाळ्याच्या आत."

दुसऱ्या दिवशी आबांनी गेनबाला सांगितलं, "तिकडं हाडं गोठतात. आतापासून थंडीची सवय कर."

गेनबानं गाठ मारली. पहाटे विहिरीत उतरला आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसला. दिवस मावळेपर्यंत बसला. माणसांनी दोर लावून वर काढला तेव्हा निळा पडला होता. मग ताप आला. आबा बघायला आले.

"अरं येड्या, थंडीत पाण्यात बसतात का? अंगावर चढवायचं असतं. एकावर एक. घरात असेल नसेल ते सगळं."

"चुकलं आबा. ध्यानात ठेवतो."

ताप उतरला आणि पासपोर्टच्या ऑफिसात जायचा दिवस आला. ऊन होतं. गेनबानं घरातले सगळे सदरे घातले, वर हौसाचं स्वेटर, वर घोंगडं, वर माकडटोपी, वर मफलर. कॅमेऱ्यामागच्या बाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"काका, तुमचा चेहरा कुठे आहे?"

"आत आहे."

"मग काढा ना बाहेर."

"नाही. एकावर एक चढवायचं असतं. आबांनी सांगितलंय."

बाईंनी आबांना आत बोलावलं. बाकीची रांग हसत होती. आबांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"अरं येड्या, सरकारी माणसापुढं काही झाकायचं नसतं. सगळं उघडं ठेवायचं."

"चुकलं आबा. ध्यानात ठेवतो."

पुढं पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला. गेनबानं सदरा काढला. पेटी उघडली. धान्याच्या कणग्या उघडल्या. हौसाचे डबे उघडले. हवालदार म्हणाला, "हे कशाला? मला एवढंच सांगा, कधी काही गुन्हा केलाय का?"

"केलाय साहेब. लहानपणी पेरू चोरले. मी झाडाखाली होतो. आबा झाडावर होते."

"कोण आबा?"

"आमचे चेअरमन. पोतं त्यांनीच आणलं होतं."

हवालदारानं लिहून घेतलं. आबांचा पासपोर्ट अडकला. तो सोडवायला आबा ओळखीपाळखीच्या सगळ्या माणसांकडं फिरले. एवढ्या मोठ्या माणसानं पेरूंचा खुलासा करत फिरावं, हे बरं दिसत नव्हतं.

"अरं येड्या," आबा ओरडले, "असा माणूस गावात आला की गोड बोलायचं, चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं!"

"चुकलं आबा. ध्यानात ठेवतो."

मग पुण्याहून टूर कंपनीचा माणूस आला. व्हिसाच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. आबा ऑफिसात वाट बघत होते. तो माणूस एसटीतून उतरला तो गेनबाच्याच पुढ्यात.

"जयसिंगराव कुठं भेटतील?"

"आधी चहा घ्या साहेब."

चहा झाला. गेनबा गोड बोलला. "तुमचा शर्ट झकास आहे साहेब. बूट तर त्याहून झकास." परतीची एसटी लागली. गेनबानं त्याची बॅग उचलून आत ठेवली आणि त्यालाही मागून आत ढकललं.

"अहो, सह्या! सह्या राहिल्या!"

"पुन्हा या साहेब. घरचंच समजा."

कंडक्टरनं घंटी मारली. आबांनी जीप काढली आणि तालुक्यापर्यंत त्या एसटीचा पाठलाग केला. परत आले तेव्हा तोंडावर धूळ होती.

"अरं येड्या! ज्याच्याकडं आपलं काम असतं त्याला सोडायचा नसतो! काम होईस्तोवर धरून ठेवायचा! वेळ आली तर कुलूप लावायचं!"

"चुकलं आबा. ध्यानात ठेवतो."

उपरण्याला आता गाठीच जास्त होत्या.

जायचा दिवस आला. विमान संध्याकाळी मुंबईहून होतं. सोसायटीच्या ऑफिसात संचालक हार घालून बसले. जावई फोटो काढत होता. गेनबा बाहेर जीपमध्ये बॅगा चढवत होता. सगळे सदरे, स्वेटर, घोंगडं अंगावर होतं. माकडटोपी तेवढी खिशात होती. तेवढ्यात हौसा बायका घेऊन आली आणि खिडकीशी उभी राहिली.

"आबा, मशीनचं तेवढं ठरवून जावा."

"आल्यावर बघू. अभ्यास तरी होऊ दे."

"आल्यावर म्हणजे उन्हाळा. आणि मशीनचे पैसे तर तुम्ही विमानात घातले. आमचं तुमच्याकडं एवढं एकच काम आहे, आबा."

गेनबानं काम हा शब्द ऐकला. उपरण्याची शेवटची गाठ चाचपली. मग त्यानं ऑफिसचं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली.

"गेनबा! दार उघड!"

"काम झालं का आबा?"

"कसलं काम?"

"हौसाचं."

"विमान जाईल की रं!"

"जाऊ द्या आबा. काम होईस्तोवर सोडायचं नसतं."

वेळ लागणार असं गेनबाला दिसलं. वारंही होतं. त्यानं माकडटोपी घातली आणि वरून मफलर गुंडाळला. आता त्याला काही ऐकू येत नव्हतं.

आबांनी लोहाराला फोन केला. लोहाराची बायको खिडकीशीच उभी होती. लोहार आला नाही. जीपवाला किल्ली घ्यायला पुढं झाला. हौसानं त्याच्याकडं बघितलं. तो परत जीपमध्ये जाऊन बसला. जावई म्हणाला, "मामा, काहीतरी कबूल करा, निघू तरी." आबांनी घड्याळ बघितलं आणि ओरडले, "बरं! मशीन घ्यायचं!"

"पैसे?" हौसानं विचारलं.

"दौऱ्याचे पैसे आम्ही पदरचे भरतो!"

"आमच्या ह्यांच्या वाटणीचे?"

"ते मी भरतो! मंजूर असेल त्यांनी हात वर करा!"

आत सगळे हात वर झाले. गेनबाला खिडकीतून ते दिसले. त्यानंही हात वर केला. तो गावातला सगळ्यात उंच माणूस होता, आणि किल्ली त्याच हाताच्या मुठीत होती.

"आता उघड!" आबा म्हणाले.

गेनबा हात वर करून उभा राहिला.

"अरं, हात खाली कर! खाली! खाली!"

त्याला ऐकू आलं नाही. बायकांना आलं. पण त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या पायरीवर बसल्या आणि लोहाराच्या बायकोनं पानाची चंची सोडली. दिवस मावळला. आबांचा आवाज बसला. मग हौसा उठली, गेनबाच्या कानावरची टोपी वर केली आणि म्हणाली, "आबा खाली म्हणतात."

दार उघडलं. विमान गेलं होतं. आबा बाहेर आले. तोंड लाल झालं होतं.

"अरं येड्या..."

गेनबानं गाठ मारायला उपरण्याचं टोक धरलं. आबांनी ते बघितलं आणि तोंड मिटलं.

ठराव साऱ्या गावानं ऐकला होता. मशीन होळीच्या सुमारास आलं. चकचकीत टाकी, वर झाकण. त्याच आठवड्यात आबांनी संचालकांना मळ्यात बोलावून सांगितलं, "यंदा पदरचे गेले. पुढच्या हिवाळ्यात सोसायटीच्या खर्चानं जाऊ. कुणाला बोलायचं नाही." गेनबाला वेगळं असं काहीच सांगितलं नाही. आबा शहाणे झाले होते.

पण उपरण्याला जुन्या गाठी होत्या.

उद्घाटनाला दूध खात्याचे साहेब आले. गारवा दाखवायला म्हणून रिकामं मशीन सकाळपासून चालू ठेवलं होतं. आबांनी भाषण केलं. "हे आमच्या परदेशी अभ्यासाचं फळ आहे." टाळ्या झाल्या. आबांनी फीत कापली. साहेबांनी झाकण उचललं.

आत गेनबा बसला होता. पाण्यात नव्हता, ते तो शिकला होता. अंगावर एकावर एक सगळं होतं. दात वाजत होते.

"हे कोण?" साहेब म्हणाले. "तुम्ही आत काय करताय?"

सरकारी माणूस दिसताच गेनबानं आधी मफलर सोडला, मग टोपी काढली. काही झाकायचं नव्हतं.

"थंडीची सवय करतोय साहेब. पुढच्या हिवाळ्यात सोसायटीच्या खर्चानं फिनलंडला जायचंय. आबांनी सांगितलंय, कुणाला बोलायचं नाही."

मशीन तेवढं घरघरत होतं. बायका पुढं सरकल्या. सगळ्यात पुढं हौसा होती.

"तुम्ही आधी चहा घ्या साहेब," गेनबा आतून म्हणाला. "एसटीला अजून वेळ आहे."

साहेबांनी झाकण हळूच बाजूला टेकवून ठेवलं आणि आबांकडं वळले.

"जयसिंगराव, चला जरा ऑफिसात. माझं तुमच्याकडं काम आहे."

गेनबानं काम हा शब्द ऐकला. तो टाकीतून बाहेर आला आणि कुलूप शोधायला लागला.